लाल रेघेखालची माणसं

"पेन्सिलीनं लिहिलेलं मागायला कधी कुणी येत नाही."

हे वाक्य ती एकदाच बोलली, साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून, हातातली फाइल छातीशी धरून. बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच जरा हसू आलं. साहेबही हसले. त्या हसण्यावर काम मंजूर झालं.

कारखान्यात सगळे तिला रेकॉर्डबाई म्हणत. कारखाना कापड रंगवण्याचा. मागच्या अंगाला, रंगाच्या हौदांच्या भिंतीला लागून, एक लांबट खोली होती. तिला खिडक्या होत्या, पण काचा आतून रंगवून टाकलेल्या. भिंतीला कधी निळा घाम फुटे, कधी तपकिरी. पलीकडे आज कोणता रंग लागलाय ते रेकॉर्डबाई भिंतीवर बोट फिरवून सांगे. या खोलीत कारखाना सुरू झाल्यापासूनची हजेरीची रजिस्टरं होती. माणसं मेली, मालक बदलले, रजिस्टरं राहिली.

रजिस्टरांची एक रीत होती. पानाच्या वरच्या भागात पक्के कामगार, शाईनं. मग एक आडवी लाल रेघ. रेघेखाली कच्चे कामगार, पेन्सिलीनं. कच्च्यांना पेन्सिल का, तर सकाळी फाटकावर ज्याला परत पाठवायचं त्याचं नाव खोडरबरानं पुसता यावं आणि त्याच जागी दुसऱ्याचं लिहिता यावं. कागद वाचायचा. काही जण या रेघेखाली महिनाभर राहिले, काही जण पंधरा-पंधरा वर्षं. रेकॉर्डबाईचा धाकटा भाऊ अकरा वर्षं राहिला.

तो रंगखात्यात होता. अकरा वर्षांनी एका सकाळी फाटकावर त्याचं नाव पुकारलं गेलं नाही, एवढंच झालं. कागद नाही, निरोप नाही. तेव्हापासून तो बहिणीकडेच राही. छातीत रंग बसलेला. चार पायऱ्या चढला की भात्यासारखा वाजे. नखांच्या मुळाशी निळा राहिला तो राहिलाच. पण जिभेला मात्र काही झालं नव्हतं.

"ताई, डॉक्टर म्हणतो आराम कर. त्याला म्हटलं, गेली वीस वर्षं दुसरं काय करतोय?"

"निदान लाज तरी वाटू दे, बाळ्या."

"ती वाटायची. पण चढताना धाप लागते म्हणून खालीच ठेवून आलो."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला ती बाळ्या म्हणे, आणि त्या हाकेत लाड फार नव्हता. बापानं शाळेत घातलं होतं ते या बाळ्याला. तो पळून आला. ती न सांगता त्याची पुस्तकं वाचून शिकली, परीक्षा दिल्या, कारखान्यात लागली आणि पहिल्या दिवसापासून लाल रेघेच्या वर राहिली. रागात ती म्हणे, "मी शाईत आहे, तू पेन्सिलीत. विसरू नकोस." तो हसून म्हणे, "पेन्सिल बरी, ताई. सांडत तरी नाही." पण एवढं बोलून तो उठायचा आणि गॅलरीतल्या आपल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा.

मग नवे मालक आले. त्यांना खोली हवी होती. रजिस्टरं स्कॅन करून कॉम्प्युटरात भरायची आणि कागद लगदा करायला द्यायचा, असं ठरलं. स्कॅन करणारे आले, पानांचे फोटो काढून गेले. चार लाख पानं. आता ती साफ करायची होती. त्यासाठी तीन बाया रोजंदारीवर घेतल्या आणि त्यांच्यावर रेकॉर्डबाई. एका पानाला चार कामं: तिरकं असेल तर सरळ करायचं, कडा छाटायच्या, पिवळेपणा आणि डाग उडवायचे, जपून ठेवायचं. माउस धरून धरून चौघींच्या मनगटांना पट्टे लागले. दीड वर्षानं हिशोब केला तर अजून अकरा वर्षांचं काम उरलेलं, आणि रेकॉर्डबाईच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली.

तिला मार्ग दाखवला नेटवर्कवाल्यानं. हा तिच्याच वयाचा, अर्धं टक्कल पडलेला, कंटाळलेला गृहस्थ. तारा तपासायला यायचा आणि चहा पिऊन जायचा. एकदा त्यानं तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे काय, तांदळातून खडे वेचल्यासारखं? कॉम्प्युटरला तोंडी सांगा की."

"म्हणजे कसं?"

त्यानं एक काळी खिडकी उघडली. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत होती. त्यानं एक ओळ टाइप केली, आणि फोल्डरमधली दहा पानं डोळ्याची पापणी लवायच्या आत सरळ झाली.

रेकॉर्डबाईनं त्या ओळीकडे असं पाहिलं, जसं कुणी पहिल्यांदा स्वतःच्या घराच्या किल्लीकडे पाहतं. पुढचे चार महिने ती दुपारचा डबा टेबलावरच खाई आणि एका हातानं ती काळी खिडकी चालवी. त्या खिडकीची माहिती पानंच्या पानं छापून घेऊन घरी नेई. आयुष्यात तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, हेही तिनं ओरबाडूनच घेतलं. शेवटी तिची एक ओळ तयार झाली. लांबलचक, मध्ये कुठे श्वास नसलेली. तिचा अर्थ साधा होता: प्रत्येक फोल्डरमधलं प्रत्येक पान घे, सरळ कर, कडा छाट, ठरल्या आकड्याहून जे उजळ ते पांढरं कर, जे गडद ते काळं कर, आणि त्याच नावानं त्याच जागी परत ठेव.

"त्याच जागी नको," नेटवर्कवाला म्हणाला. "त्याच जागी ठेवलंत तर जुनं पान गेलं. आधी नक्कल काढा."

तिनं साहेबांकडे नकलेसाठी जागा मागितली. साहेब म्हणाले, "कागदाची अडगळ काढायला निघालोय आणि तुम्ही कॉम्प्युटरात अडगळ करा म्हणता?" जागा मिळाली नाही. तिनंही पुन्हा मागितली नाही.

राहिला आकडा. शंभर म्हणजे कोरा कागद, शून्य म्हणजे काळी शाई. मधे कुठेतरी सुरी फिरवायची. ही सुरी कुठे फिरवायची ते तिला ठरवायचं होतं. तिनं नमुन्याला दहा पानं घेतली. नऊ पानं हाताला येतील ती, आणि दहावं मुद्दाम काढलेलं, रंगखात्याचं. या पानावर लाल रेघेखाली चौथं नाव तिच्या भावाचं होतं.

पंचाहत्तरावर सगळं दिसत होतं, पण कागदावरची बुरशी, अंगठ्यांचे ठसे, चहाचे गोल, सगळंच काळं होऊन दिसत होतं. साहेबांनी पान पाहून नाक मुरडलं. "बाई, दुधासारखं पांढरं पाहिजे. मालक बघणार आहेत." सत्तरावर डाग कमी झाले, रेघेखालची नावं राहिली. पासष्टावर नावांच्या मुंग्या झाल्या. साठावर पान दुधासारखं झालं. वरची शाई ठसठशीत, लाल रेघ काळी होऊन उठून दिसणारी, आणि तिच्याखाली काही नाही.

हे तिनं पाहिलं. नजरचुकीनं झालं असं नाही.

त्याच दिवशी सकाळी जिन्यात शेजारणी उभ्या होत्या. कुणीतरी सहज विचारलं, ताईंचं लग्न कसं नाही झालं? भावानं कठड्याला टेकून, धापा टाकत, पण मजेत सांगितलं, "स्थळं पुष्कळ आली हो. पण सगळी पेन्सिलीत होती. आमच्या ताईनं पुसून टाकली." बाया खदखदून हसल्या. एकीला तर ठसका लागला. रेकॉर्डबाई मान खाली घालून जिना उतरली आणि कारखान्यापर्यंत चालत गेली. बस तिला दिसलीच नाही.

साहेबांनी दहाव्या पानावर बोट ठेवून विचारलं होतं, "इथे खाली काहीतरी होतं ना?" तेव्हा ती ते वाक्य बोलली. पेन्सिलीनं लिहिलेलं मागायला कधी कुणी येत नाही.

आकडा साठ ठेवला.

तिची ओळ नऊ दिवस चालली. तिघी बाया पहिले दोन दिवस पडद्याकडे बघत बसल्या. पानामागून पान सरकत होतं, एकीला सिनेमाच वाटला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तिघींना सांगितलं की उद्यापासून यायचं कारण नाही. सगळ्यांत वयानं लहान होती ती डबा पिशवीत कोंबत म्हणाली, "बाई, तुमच्या एका ओळीनं आमच्या तिघींची चूल विझवली."

"तुमच्या मनगटांना आराम पडेल," रेकॉर्डबाई म्हणाली. तिला खरोखरच तसं वाटत होतं. आनंदात असलेल्या माणसासारखं निर्दय दुसरं कुणी नसतं, आणि ती त्या नऊ दिवसांत आनंदात होती. अकरा वर्षांचं काम! तिनं ती ओळ एका कागदावर छापून भिंतीवर चिकटवली होती. भिंतीच्या घामानं कागद निळा झाला, तरी तिनं काढला नाही.

दहाव्या दिवशी साहेबांनी एक छापील कागद पुढे केला. "सर्व पाने तपासली. मूळ मजकूर पूर्ण आहे." तिनं सही केली. शाईनं. पंधरवड्यात तीन ट्रक आले आणि रजिस्टरं लगद्याच्या गिरणीला गेली.

दोन वर्षांनी सूचना लागली. कामगारांचा जुना दावा वरच्या कचेरीत निकाली निघाला होता. कच्च्या कामगारांची वर्षंही धरायची, त्यांना निवृत्तिवेतन द्यायचं. अट एकच. हजेरीत नोंद हवी.

भाऊ त्या दिवशी सगळा जिना न थांबता चढला. दाराची चौकट धरून त्यानं दम घेतला. मग म्हणाला, "ताई, ऐकलंस? रेघेखालच्यांचे दिवस आले. आणि माझं नशीब कुणाच्या पेटीत आहे? तुझ्या! रेकॉर्डच्या राणीच्या!" त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "अकरा वर्षं आहेत माझी. तुझ्या उरावरून उतरेन. छातीला मशीन घेईन ते रात्री लावायचं. गॅलरीतून खोलीत येईन. नाहीतर भाड्यानं राहीन, तुला नको असेन तर."

"बघते," ती म्हणाली.

"बघायचं काय त्यात? तू स्वतः साफ केलंयस ना सगळं?"

दुसऱ्या दिवशी तिनं पान उघडलं. रेघ होती. रेघेखाली काही नव्हतं. तिनं मागचं पान उघडलं, पुढचं उघडलं. अकरा वर्षांची एकशे बत्तीस पानं तिनं एकामागून एक उघडली, जणू एखाद्या पानावर तरी कारकुनाची पेन्सिल जरा जास्त दाबली गेली असेल. दोन ठिकाणी टिंबं सापडली. टिंबांना कुणी अकरा वर्षं देत नाही.

नेटवर्कवाल्याला बोलावलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"पांढऱ्यातून पुन्हा पेन्सिल काढायची? धुतलेल्या पाटीला विचारून बघा, काल काय लिहिलं होतं."

"काहीच होणार नाही?"

"नक्कल काढा म्हटलं होतं, बाई." मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, खुर्ची ओढून बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "एक आहे पण. निकाल वाचलाय मी, माझा मेव्हणा त्यात आहे. नोंद नष्ट झाली असेल तर कामगाराचा शब्द धरायचा, दोन साक्षीदारांवर. पण पान आहे आणि कोरं आहे, तर मात्र काही नाही. कोरं म्हणजे नव्हताच. तेव्हा तुम्ही एवढंच सांगायचं, खाली लिहिलेलं होतं, आमच्याकडून पुसलं गेलं. चारशे माणसं तरतील."

"आणि माझी सही?"

तो उठला. "ते तुम्ही बघा."

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी दार लावून घेतलं. ओरडले नाहीत, ते फार मऊ बोलले. "तुमच्या निवृत्तीला आठ महिने आहेत. खोटं प्रमाणपत्र दिलं म्हणून चौकशी लागली तर चौतीस वर्षांचं जे काही मिळायचं ते सगळं अडकेल. बडतर्फही होऊ शकता. भाऊ तुमच्याकडेच असतो ना? मग तुमचं गेलं तर दोघंही रस्त्यावर. विचार करा. मी काहीच सांगत नाही. आणि हो, ते पेन्सिलीचं वाक्य तुमचं होतं, बाई. माझं नव्हे."

घरी भावानं रिकाम्या डब्यात कागदाचे तुकडे जमवायला सुरुवात केली होती. रंगखात्यातले जुने सोबती शोधून त्यांचे पत्ते. रोज संध्याकाळी एकदोघं यायचे. खोकत चढायचे, खोकत उतरायचे. एकाचा अंगठा कापड दाबायच्या रुळात गेलेला, एकाला दिसत नव्हतं. सगळे तिला हात जोडायचे. न दिसणारा भलत्याच दिशेला, दाराच्या चौकटीला हात जोडून म्हणाला, "ताई, तुम्ही आहात म्हणून जीव आहे."

"सांगितलं मी त्यांना," भाऊ म्हणाला, "आमच्या ताईच्या हातून एक टिंब इकडचं तिकडे होत नाही."

तिनं तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तो इतका खुशीत होता की बोलता बोलता म्हणाला, "एक कबूल करतो, ताई. मी तुला फार छळलं. जिन्यात नाही नाही ते बोललो." आणि यानं तिला हलकं वाटायच्या ऐवजी तिच्या आत काहीतरी घट्ट मिटलं. त्याला माफी मागायला आज वेळ सापडला होता. आज, जेव्हा तिच्याकडून काही हवं होतं.

"पत्ते नीट लिही," ती म्हणाली. "अक्षर बघ तुझं."

सुनावणी कारखान्याच्या जेवणघरात झाली. टेबलं भिंतीला सरकवलेली, बाकांवर साठ-सत्तर म्हातारे. बाकीचे चालत येऊ शकत नव्हते किंवा उरले नव्हते. समोर चौकशी अधिकारी, एक उंच, शांत बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांच्या शेजारी साहेब. भिंतीवर पडदा लावून त्यावर पानं दाखवत होते. दुधासारखी पांढरी.

भावाचं नाव पहिलंच आलं. तो पहिल्या बाकावरून उठला. शर्टाला इस्त्री केली होती, रेकॉर्डबाईनंच.

"रंगखातं, अकरा वर्षं म्हणता," अधिकारीबाई म्हणाल्या. "पानावर रेघेखाली कुणाचंच नाव नाही."

"असं कसं, मॅडम? नीट मोठं करून बघा. चौथं असेल." लोक हसले. त्यानं दोन्ही हात पुढे केले. "आणि ही बघा, नोंद नखात आहे."

"नखं रेकॉर्ड नाहीत."

"बरोबर. रेकॉर्ड तिकडे बसलंय." त्यानं मान वळवून बहिणीकडे पाहिलं, आणि मग मागच्या बाकांकडे बघून डोळा मिचकावला. आता बघा, अशा अर्थानं.

साहेबांनी प्रमाणपत्र पुढे सरकवलं. अधिकारीबाईंनी ते वाचलं, सही पाहिली. "ही सही तुमचीच का? पुढे या. बसा, उभं राहायची गरज नाही."

ती उभीच राहिली. पिशवी हातात होती.

"मला एकच विचारायचंय," अधिकारीबाई म्हणाल्या. "कागद आता नाहीत. ते शेवटचे हाताळले ते तुम्ही. या लाल रेघेखाली कधी काही लिहिलेलं होतं का?"

पलीकडे हौदात रंग ढवळणारं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज जमिनीतून येत होता. रेकॉर्डबाईनं पडद्याकडे पाहिलं. चांगलं साफ झालं होतं पान. कडा सरळ, अक्षर ठसठशीत. अकरा वर्षांचं काम नऊ दिवसांत.

"ताई," भाऊ म्हणाला. अजून हसत होता. "अगं, सांग ना. हो म्हण, एवढंच."

साहेब पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"ताई?" आता त्याचं हसू ओठांवर नुसतं अडकून राहिलं होतं, काढायचं राहून गेल्यासारखं. "चौथं नाव. तूच म्हणाली होतीस मागं, चौथं आहे म्हणून."

"बाई, उत्तर द्या," अधिकारीबाई म्हणाल्या. "उत्तर नसेल तर मला पानं कोरी धरावी लागतील. सगळीच."

मागच्या बाकावर तो न दिसणारा म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, "काय म्हणाली? काय म्हणाली ती?"

अधिकारीबाईंनी पेन उचललं, मान खाली घातली आणि सगळी पानं कोरी, असं लिहायला लागल्या. भाऊ उभा होता तिथेच खाली बसला. बाक मागे होता हे त्याच्या लक्षात नव्हतं, म्हणून तो जमिनीवर बसला, आणि त्याला उठवायला कुणी पुढे झालं नाही. त्याची छाती वाजू लागली.

रेकॉर्डबाईनं पिशवीचा बंद खांद्यावर घेतला. भावाचे पाय वाटेत पसरलेले होते. ती त्यांना वळसा घालून, बाकांच्या मधल्या वाटेनं, दाराकडे चालत गेली, आणि बाहेर पडली.